टाक ना रे पत्ता!

मित्रांनो, आज तुमच्यापुढे एक जुनी चोरी कबूल करायची आहे.

मालेगावातले मे महिन्यातले दिवस. ऊन असं, की दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. त्यात शुक्रवार. शुक्रवारी आमच्या गावातल्या यंत्रमागांना सुट्टी. एरवी रात्रंदिवस कानांवर पडणारी खटखट थांबली, की सारं गाव मुकं झाल्यासारखं वाटायचं. अशा दुपारी आम्ही भावंडं आजीच्या ओसरीवर सतरंजी टाकून मेंढीकोट खेळत बसायचो.

आमचा एक नियम ठरलेला होता. चार वाजता आजीची चहाची हाक आली, की खेळ बंद. त्या वेळी जी जोडी पुढे, ती जिंकली.

एका दुपारी माझी जोडी एका डावानं पुढे होती. चारला दहा मिनिटं कमी होती. शेवटचा डाव वाटला गेला. मी पत्ते उचलले आणि पोटात गोळाच आला. एकही एक्का नाही, एकही दश्शी नाही, सगळ्या दुऱ्या-तिऱ्या! हा डाव जाणार, हे उघड होतं. मग मी काय केलं असेल? मी विचार करायला लागलो! पत्ते लावले, पुन्हा लावले, डोकं खाजवलं, मधेच पाणी प्यायला उठलो. ‘अरे, टाक ना रे पत्ता!’ मावसभाऊ ओरडला. ‘विचार तर करू दे की!’ मी म्हणालो. शेवटी आजीची हाक आली. डाव अर्धाच राहिला आणि आम्ही जिंकलो.

मावसभाऊ भांडला नाही. गुपचूप पत्ते गोळा करून त्यानं ते डबीत ठेवले. पण उरलेल्या सुट्टीत तो माझ्याबरोबर एकदाही खेळायला बसला नाही. बदाम सात नाही, झब्बू नाही, काहीच नाही.

मी कुणाचे पत्ते बघितले नव्हते. हातात रंग असताना भलताच पत्ता टाकला नव्हता. विचार करायला तर कुणाचीच बंदी नव्हती. मग माझं चुकलं काय? हे कोडं बरीच वर्षं माझ्या डोक्यात राहिलं. पुढे कळलं, की जगभरात पत्त्यांच्या मोठमोठ्या स्पर्धा भरवणारी माणसंही याच कोड्याशी झटत आली आहेत.

एक हळू, बाकी चिडू

आधी जरा गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे.

मेंढीकोटात चौघांना तेरा-तेरा पत्ते मिळतात. म्हणजे एका डावात ५२ वेळा पत्ता टाकला जातो. प्रत्येकानं दर पत्त्याला ५ सेकंद घेतले, तर डाव २६० सेकंदांत, म्हणजे ४ मिनिटं २० सेकंदांत संपतो.

आता समजा, तिघं जण पहिल्यासारखेच खेळतात, पण चौथा दर पत्त्याला ३० सेकंद घेतो. तिघांच्या ३९ पत्त्यांचे १९५ सेकंद आणि चौथ्याच्या १३ पत्त्यांचे ३९० सेकंद. बेरीज ५८५. म्हणजे पावणेदहा मिनिटं! डाव दुपटीहून लांबला. आणखी एक गंमत पाहा. ५८५ पैकी ३९० सेकंद एकट्याचे. चौघांच्या वेळेपैकी दोन-तृतीयांश वेळ एकानंच खाल्ला. ताटात चार लाडू होते, त्यातले जवळजवळ तीन एकट्यानंच गट्टम केले म्हणा ना!

घरी खेळताना फार तर कुणीतरी चिडतं. पण स्पर्धेत काय होत असेल?

ब्रिजच्या टेबलावर

मेंढीकोटाचा एक मोठा भाऊ आहे. त्याचं नाव ब्रिज. चार खेळाडू, समोरासमोर बसणारे जोडीदार, प्रत्येकी तेरा पत्ते, हुकूम, तेरा हात, हे सगळं आपल्या ओळखीचं. फक्त खेळायच्या आधी ‘आम्ही इतके हात करू’ अशी बोली लागते आणि ती पुरी करावी लागते.

२०१८ साली जकार्ता इथल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ब्रिजचा पहिल्यांदाच समावेश झाला. तिथं पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक कुणी जिंकलं, ठाऊक आहे? आपल्या भारताच्या प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी. एकाचं वय ६०, दुसऱ्याचं ५६! ज्या वयात आपले आजोबा बागेत फेऱ्या मारतात, त्या वयात या दोघांनी देशासाठी सुवर्णपदक आणलं.

ब्रिज काही फक्त शहरातल्या क्लबांतच खेळतात असंही नाही. मालेगावाहून आग्रा रोडनं धुळे, शिरपूर करत सेंधव्यापुढे गेलं आणि उजवीकडे वळलं, की मध्य प्रदेशातला खरगोन जिल्हा लागतो. तिथलं रायबिडपुरा हे शेतकऱ्यांचं गाव ब्रिजसाठी प्रसिद्ध आहे. १९६० च्या दशकात तिथं आलेल्या गुरांच्या एका डॉक्टरांनी गावकऱ्यांना हा खेळ शिकवला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

ब्रिजच्या स्पर्धेत नशिबाचा भाग कमी करण्यासाठी एक नामी युक्ती वापरतात. वाटलेले पत्ते चार कप्पे असलेल्या एका पाटीत ठेवतात. त्या पाटीला ‘बोर्ड’ म्हणतात. एका टेबलावर डाव झाला, की ज्याचे पत्ते त्याच्या कप्प्यात परत जातात आणि तो बोर्ड पुढच्या टेबलावर जातो. तिथंही तोच डाव! म्हणजे ‘मला पत्तेच वाईट आले’ ही सबब बंद. तुमच्यासारखेच पत्ते दुसऱ्या टेबलावर दुसऱ्यालाही मिळणार. त्यांचा त्यानं कसा उपयोग केला आणि तुम्ही कसा केला, एवढंच पाहायचं.

पण या युक्तीला एक अडचण आहे. एका टेबलाचा डाव संपल्याशिवाय तिथला बोर्ड पुढे सरकत नाही. एक टेबल रखडलं, की शेजारचं रखडतं, मग त्याच्या शेजारचं. समजा, हॉलमध्ये ८ टेबलं आहेत, म्हणजे ३२ खेळाडू. एका टेबलानं ५ मिनिटं उशीर केला आणि त्यामुळे बाकीचे २८ जण ताटकळत बसले. २८ गुणिले ५, म्हणजे १४० मिनिटं. सगळ्यांची मिळून दोन तास वीस मिनिटं वाया!

म्हणून ब्रिजच्या स्पर्धांत एका डावाला साधारण सात-आठ मिनिटं धरलेली असतात आणि विनाकारण संथ खेळणं हा नियमभंग मानला जातो. पंच त्यासाठी दंड म्हणून गुण कापू शकतात. जोड्यांच्या स्पर्धेत एखादा डाव कुणाच्या चुकीमुळे खेळताच आला नाही, तर नियम फार छान आहे. ज्यांची चूक, त्यांना त्या डावाचे ४० टक्के गुण. ज्यांची काहीच चूक नाही, त्यांना ६० टक्के. दोघांचाही थोडा थोडा दोष असेल, तर ५०-५०. म्हणजे रखडवणाऱ्याचा फायदा होऊच द्यायचा नाही!

आमच्या ओसरीवर हा नियम असता, तर त्या दुपारी माझी डाळ शिजलीच नसती.

विचारी की लबाड?

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, ‘पण काही जणांना खरोखरच विचार करायला वेळ लागतो. त्यांनी काय करायचं?’ प्रश्न अगदी बरोबर आहे आणि खरी मेख इथंच आहे.

याचं उत्तर आणखी एका खेळात सापडतं. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं तयार केलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली बाजारात आला. त्यात जादूगार, राक्षस, मंत्र अशी चित्रं असलेले पत्ते असतात आणि स्पर्धेला प्रत्येक खेळाडू स्वतः निवडलेला कॅट घेऊन येतो. सामन्यात जास्तीत जास्त तीन डाव. दोन जिंकले, की सामना जिंकला. सामन्याला साधारणपणे ५० मिनिटं असतात. वेळ संपल्याची घोषणा झाली, की ज्याची पाळी चालू असेल त्यानं ती पुरी करायची आणि त्यानंतर दोघांच्या मिळून फक्त पाच पाळ्या. तेवढ्यात डाव संपला नाही, तर? जो डावांत पुढे, तो सामना जिंकला.

ओळखीचं वाटतं ना? आजीची चहाची हाकच ही! पहिला डाव जिंकलेल्याला दुसऱ्या डावात नुसतं रेंगाळत बसायचा मोह होणारच.

म्हणून या खेळाच्या नियमांत दोन वेगवेगळे गुन्हे सांगितले आहेत. पहिला म्हणजे संथ खेळ. डावात कितीही गुंतागुंत झाली, तरी खेळाडूनं वाजवी वेळेत खेळलंच पाहिजे. कुणी नकळत रेंगाळला, तर पंच त्याला ताकीद देतात. दुसरा गुन्हा म्हणजे घड्याळाचा फायदा उठवण्यासाठी मुद्दाम वेळ काढणं. ही फसवणूक समजतात आणि तिची शिक्षा म्हणजे स्पर्धेतून थेट हकालपट्टी!

बघा हं, दोघांनीही तेवढाच वेळ घेतला असेल. घड्याळ दोघांच्या बाबतीत सारखंच आकडे दाखवेल. फरक आहे तो मनात. एकाला उत्तर शोधायचं असतं, दुसऱ्याला ते सापडलेलं असतं आणि तरी तो थांबलेला असतो.

पण दुसऱ्याच्या मनातलं पंचाला कसं कळणार? पंच खेळाडूची नेहमीची चाल पाहतात. मागे असताना भराभर खेळणारा गडी पुढे गेल्यावर अचानक गोगलगाय झाला, तर पंचांचे कान टवकारतात. आणि समोरचा फार वेळ लावतोय असं वाटलं, तर पंचांना बोलावणं यात काहीच वावगं नाही. ती चहाडी नव्हे. आपल्या वाट्याचा वेळ मागणं आहे ते.

घड्याळ आलं कुठून?

‘मग सरळ घड्याळ का नाही लावत? बुद्धिबळात असतं तसं!’ तुम्ही विचाराल.

बुद्धिबळातही घड्याळ पहिल्यापासून नव्हतं बरं का! १८५१ साली लंडनला मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथं एलायजा विल्यम्स नावाचा खेळाडू इतका वेळ घ्यायचा, की त्याच्याकडून हरलेला हॉवर्ड स्टाँटन चांगलाच वैतागला होता. पुढे १८६१ मध्ये लंडनमधल्या एका सामन्यात वाळूची घड्याळं वापरली गेली. मग १८८३ मध्ये लंडनच्याच स्पर्धेत जोडघड्याळ आलं. मुलांच्या बागेत सी-सॉ असतो ना, तशा एका फळीच्या दोन टोकांना दोन घड्याळं. एक बाजू खाली केली, की एक थांबायचं आणि दुसरं सुरू व्हायचं. थोडक्यात, ज्याची पाळी त्याचाच वेळ खर्च होणार.

तरी एक त्रास उरला होता. डाव जिंकत आलेला आणि हातात दोनच सेकंद! मग नुसती धांदल. यावर उपाय शोधला तो जगज्जेता बॉबी फिशर यानं. प्रत्येक खेळीनंतर थोडे सेकंद बक्षीस देणाऱ्या घड्याळाचं पेटंट त्याला १९८९ साली मिळालं. आज मोठ्या स्पर्धांत हीच पद्धत आहे. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतानं सुवर्णपदक जिंकलं. त्या संघात आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी होता. तिथं पहिल्या ४० खेळ्यांना ९० मिनिटं, पुढे आणखी ३० मिनिटं आणि शिवाय दर खेळीला ३० सेकंदांची भर होती.

पण पत्त्यांत हे जमत नाही. खेळाडू चार, एका डावात ५२ वेळा पाळी बदलणार आणि एक हात पत्ते धरण्यात गुंतलेला. पत्ता टाकू की घड्याळ दाबू, अशी गत व्हायची! म्हणून पत्त्यांच्या स्पर्धांत एकेका पत्त्याचा हिशेब ठेवत नाहीत. साऱ्या टेबलाला मिळून वेळ देतात आणि उरलेलं काम पंचांवर आणि खेळाडूंच्या सचोटीवर सोडतात.

थांबणंही बोलतं

आता एक अशी गोष्ट सांगतो, जी तुमच्या ओसरीवर रोज घडत असेल.

तुमच्या जोडीदाराची पाळी आहे. तो पत्ता टाकता टाकता थांबतो, आवंढा गिळतो, पुन्हा पत्ते बघतो. तो तोंडातून शब्दही काढत नाही. पण तुम्हाला कळतं, की याच्या हातात काहीतरी अडचण आहे. म्हणजे त्याचं थांबणंच बोललं की!

ब्रिजमध्ये याबद्दल कडक नियम आहे. विचार करायला थांबणं हा गुन्हा नाही. पण जोडीदाराच्या थांबण्यातून जे कळलं, त्याचा फायदा तुम्ही घ्यायचा नाही. कळलं तरी न कळल्यासारखं खेळायचं. आहे की नाही अवघड? म्हणून मोठ्या स्पर्धांत टेबलाच्या मधोमध कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पडदाच उभा करतात. जोडीदाराचा चेहरा दिसतच नाही!

याच्या उलट लबाडीही आहे. हातात त्या रंगाचा एकच पत्ता आहे. दुसरं काही टाकताच येणार नाही. तरी खेळाडू भुवया आक्रसून विचारात पडल्याचं नाटक करतो. समोरचे फसतात. त्यांना वाटतं, याच्याकडे त्या रंगाचे बरेच पत्ते आहेत. खरं सांगा, तुमच्यापैकी कितींनी हे केलंय? ब्रिजमध्ये असं नाटक करायला सक्त मनाई आहे. पत्त्यांनी फसवा, चालेल. वेळेनं फसवायचं नाही.

आणि गंमत म्हणजे, काही वेळा सावकाश खेळणं सक्तीचंही असतं. कुणी एकदम उंच उडी मारून मोठी बोली लावली, की पुढच्या खेळाडूनं साधारण १० सेकंद थांबायचं, अशी पद्धत अनेक देशांत आहे. पटकन बोलला तरी ‘याच्याकडे काही नाही’ हे कळतं ना! म्हणून विचार करायचा असो वा नसो, थांबायचंच.

आता आपली स्पर्धा

तर मंडळी, येत्या सुट्टीत गल्लीतली मुलं जमवून मेंढीकोटाची स्पर्धा भरवायची का? कसं करायचं, ते सांगतो.

पहिलं काम, शब्द नक्की करा. मालेगावात हे फार गरजेचं आहे. मराठी मुलं म्हणतात इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. उर्दू बोलणारे मित्र म्हणतात हुकुम, पान, चिडी, ईंट. त्यात आपल्याकडे ‘हुकूम’ म्हणजे डाव मारणारा रंग आणि त्यांच्याकडे ‘हुकुम’ म्हणजे इस्पिक! आधी ठरवलं नाही, तर पहिल्याच हाताला भांडण.

दुसरं, प्रत्येक डावासाठी चार लिफाफे घ्या. एकेका लिफाफ्यात तेरा पत्ते. वर हुकमाचा रंग लिहून ठेवा. खेळताना पत्ते मधे फेकायचे नाहीत, आपापल्या पुढ्यात पालथे ठेवायचे. हात आपल्या जोडीला मिळाला तर उभा, गेला तर आडवा. डाव संपला, की पत्ते परत लिफाफ्यात आणि लिफाफे पुढच्या टेबलावर. झाला की नाही आपला बोर्ड?

तिसरं आणि महत्त्वाचं म्हणजे वेळ. इथं एक चिंचोका कामाला येईल. प्रत्येक डावात प्रत्येकाला एकच चिंचोका द्यायचा. साधा पत्ता पाच सेकंदांत टाकायचा. पण एखाद्या वेळी खरोखर अडलात, तर चिंचोका पुढे ठेवायचा आणि पूर्ण एक मिनिट विचार करायचा. त्या मिनिटात कुणीही ‘टाक, टाक’ म्हणून ओरडायचं नाही. हिशेब पाहा. चौघांचे चार मोठे विचार, म्हणजे ४ मिनिटं. उरलेले ४८ पत्ते गुणिले ५ सेकंद, म्हणजे आणखी ४ मिनिटं. डाव बरोबर ८ मिनिटांत पुरा! शाळेच्या घंटेसारखी एक थाळी ठेवा आणि दर १० मिनिटांनी वाजवा. दोन मिनिटं जागा बदलायला.

आणि थाळी वाजली तरी डाव अपुरा असेल, तर? जो पुढे तो जिंकला, हा नियम मुळीच ठेवू नका. चालू हात पुरा करा आणि ज्यांच्यामुळे उशीर झाला, त्यांना कमी गुण द्या. पंच म्हणून अशी व्यक्ती निवडा, जिचं सगळे ऐकतात. आमच्या घरी ते काम आजीनं फार उत्तम केलं असतं.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्याशीही. ‘पत्ते’ म्हटलं, की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण पत्ते आणि पैसे यांची सांगड डोक्यात बसलेली असते. पैसा लावायचा नाही, हा नियम घरात पक्का ठेवा. त्यानंतर मुलांबरोबर तासभर खेळून बघा. पाळी येईपर्यंत धीर धरणं, पाळी आल्यावर निर्णय घेणं आणि हरल्यावर पत्ते न फेकणं, हे सगळं त्या तासाभरात दिसतं. एखादं मूल हळू खेळतं म्हणून त्याला ‘मठ्ठ’ म्हणू नका. त्याच्या हातात चिंचोका द्या. एक मिनिट त्याचं हक्काचं आहे.

मला माझ्या कोड्याचं उत्तर उशिरा मिळालं. विचार करणं हा माझा हक्क होता. पण टेबलावरची वेळ माझ्या एकट्याची नव्हती, चौघांची होती. मी त्या दुपारी विचार करत नव्हतो, भावाच्या वाट्याची दहा मिनिटं खिशात घालत होतो. हे त्याला मी मोठेपणी सांगितलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘मला तेव्हाच कळलं होतं. आता वाट पत्ते.’

आम्ही बसलो. पहिला पत्ता माझा होता. मी थोडा थांबलो. तो म्हणाला, ‘टाक ना रे पत्ता!’

तुम्हीही तुमची चिंचोक्याची स्पर्धा भरवा आणि कुणाचा चिंचोका सगळ्यांत आधी संपला, ते आम्हाला कळवायला विसरू नका.